पलीकडून उत्तर कोण देतं? पत्राने शिकवण्यापासून ऑनलाइन एमएपर्यंत

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना येणारे 'अं' आणि 'म्हणजे' तेवढे काढलेत, बाकी गप्पा तशाच आहेत.

गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "ताई, ऑनलाइन एमए करू का?" "घरबसल्या मिळालेल्या डिग्रीला कुणी विचारतं का?" मला विचारण्याचं कारण तुम्हाला माहीत आहे. मी शाळेत विज्ञान शिकवते आणि गेलं दीड वर्ष शैक्षणिक तंत्रज्ञान या विषयात ऑनलाइन एमए करतेय. विद्यापीठाचं नाव सांगणार नाही. कुणाची जाहिरात करायची नाही आणि कुणाचं उणंदुणंही काढायचं नाही.

आपला पॉडकास्ट इतिहासाचा, तर उत्तरही इतिहासातच शोधू. आणि इतिहास मोठा आहे बरं का. लांब बसून शिकणं हे इंटरनेटने किंवा लॉकडाऊनने सुरू केलेलं नाही, त्याला जवळजवळ तीनशे वर्षं झालीत. या तीनशे वर्षांत पत्र, रेडिओ, टीव्ही, कॉम्प्युटर, मोबाइल असं सगळं आलं आणि प्रत्येक वेळी "आता शिक्षण घरोघरी पोचणार" असं म्हटलं गेलं. पोचलंही. पण पोचलेल्यातलं टिकलं किती?

पुढचा सगळा भाग ऐकताना एक प्रश्न हाताशी ठेवा. विद्यार्थ्याने काही लिहून पाठवलं, तर पलीकडून उत्तर कोण देतं?

बोस्टनची जाहिरात, बाथचा मास्तर

२० मार्च १७२८. अमेरिकेतल्या बोस्टन गॅझेट या वर्तमानपत्रात केलेब फिलिप्स नावाच्या शिक्षकाची जाहिरात छापून आली. हा गृहस्थ शॉर्टहँड शिकवायचा. त्याचं म्हणणं असं, की गावाकडे राहणाऱ्यांनाही दर आठवड्याला धडे पाठवले जातील आणि ते बोस्टनमधल्या विद्यार्थ्यांइतकेच चांगले शिकतील. दूरशिक्षणाच्या बहुतेक पुस्तकांत सुरुवात इथूनच होते. आता गंमत बघा. धडे जाणार हे जाहिरातीत आहे. पण विद्यार्थ्याने केलेला अभ्यास परत येणार, तो तपासला जाणार, याबद्दल तिच्यात काहीच नाही. आजच्या भाषेत सांगायचं तर फिलिप्सने व्हिडिओ अपलोड केले होते, कमेंट बॉक्स ठेवला नव्हता.

कमेंट बॉक्स यायला एकशे बारा वर्षं लागली. १८४० साली ब्रिटनमध्ये पेनी पोस्ट सुरू झालं. त्याआधी पत्राचा खर्च अंतरावर ठरायचा आणि बहुतेक वेळा पत्र घेणाऱ्याला तो भरावा लागायचा. आता एका पेनीत देशभर कुठेही पत्र जाऊ लागलं. बाथ गावचा आयझॅक पिटमन, ज्याच्या नावाची शॉर्टहँड आपल्याकडेही टायपिंग-शॉर्टहँडच्या क्लासांत पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली, त्याने याचा फायदा घेतला. तो आपली लिपी कार्डावर छापून पाठवायचा. विद्यार्थी बायबलमधला उतारा त्या लिपीत लिहून परत पाठवायचे. पिटमन चुका दुरुस्त करून ते पुन्हा पाठवायचा. विद्यार्थी इतके वाढले की तीनच वर्षांत हे तपासण्याचं काम वाटून घ्यायला एक संस्था काढावी लागली.

धडे दोघांनीही पाठवले. पण एकाने फक्त पाठवले आणि दुसऱ्याने परत आलेलं वाचलं. पुढच्या सगळ्या इतिहासात या दोन वाटा दिसत राहतात.

शिकवणं नाही, फक्त परीक्षा

तिसरीही एक वाट आहे, आणि ती आपल्या फार जवळची आहे. १८५८ साली लंडन विद्यापीठाने नियम बदलला. कुठल्याही कॉलेजात न जाता, कुठेही बसून अभ्यास करा आणि परीक्षा द्या. पास झालात तर पदवी. १८६५ मध्ये मॉरिशसमध्ये परीक्षा झाली आणि हे सगळं ब्रिटनच्या बाहेर पडलं. या दाराने असंख्य माणसं आत आली. ज्यांना कॉलेजचा खर्च परवडत नव्हता, ज्यांना नोकरी सोडता येत नव्हती, अशी सगळी. पण विद्यापीठाने त्यांना काही शिकवलं नाही. अभ्यासक्रमाची यादी दिली आणि शेवटी प्रश्नपत्रिका दिली. मधल्या काळात तुम्ही आणि तुमचं नशीब.

आता मुंबई विद्यापीठ आठवा. १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही तीन विद्यापीठं लंडनच्याच नमुन्यावर उभी राहिली. शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठाने फक्त परीक्षा घ्यायच्या आणि पदव्या द्यायच्या. आपल्याकडे 'शिक्षण म्हणजे परीक्षा' हे समीकरण इतकं घट्ट का बसलंय, याचं एक कारण या रचनेत आहे असं मला वाटतं. आपल्या घराघरांत एखादी मावशी किंवा काका असतात, ज्यांनी 'बहिःस्थ' म्हणून बीए केलंय. फॉर्म भरला, गाइड आणलं, हॉल तिकीट आलं, परीक्षा दिली. त्यांच्या जिद्दीला सलाम. पण त्यांना विचारा, तीन वर्षांत तुम्ही लिहिलेला एक तरी परिच्छेद कुणी वाचून "हे असं का लिहिलंत?" असं विचारलं का? बहुतेक जण हसतील.

सात हजार बायका आणि त्यांची पत्रं

याच काळात, १८७३ मध्ये, बोस्टनमध्येच एक वेगळं काम सुरू झालं. ॲना टिकनॉर ही हार्वर्डमधल्या एका प्राध्यापकाची मुलगी. तिच्या काळी हार्वर्डमध्ये मुलींना प्रवेश नव्हता. तिने 'घरी अभ्यासाला प्रोत्साहन देणारी मंडळी' अशा अर्थाच्या नावाची एक संस्था काढली. शिकणाऱ्याही बायका आणि शिकवणाऱ्याही बायकाच. इतिहास, विज्ञान, कला, साहित्य असे विषय. विद्यार्थिनीला पुस्तकं पोस्टाने मिळायची. मग ती काय वाचलं, काय कळलं, काय अडलं हे दर महिन्याला पत्रात लिहायची आणि तिला नेमून दिलेली बाई त्या पत्राला उत्तर लिहायची.

पदवी वगैरे काही नाही. तरीही चोवीस वर्षांत ७,००० हून अधिक बायका यातून शिकल्या. १८९६ मध्ये टिकनॉर वारली आणि पुढच्याच वर्षी संस्था बंद झाली. यातून दोन गोष्टी कळतात. उत्तर देणारं माणूस असेल तर सर्टिफिकेट नसतानाही लोक शिकतात. आणि सगळी व्यवस्था एकाच माणसाच्या उत्साहावर चालत असेल, तर त्या माणसाबरोबर ती संपते. म्हणून पुढे विद्यापीठांना यात पडावं लागलं. १८९२ मध्ये नव्या शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी पत्रद्वारा अभ्यासक्रम थेट विद्यापीठाचा भाग केला.

पुण्याचा रेडिओ, १९५६

विसावं शतक आलं आणि यंत्रांवरचा विश्वास वाढला. १९१३ मध्ये थॉमस एडिसन म्हणाला होता की शाळांमधून पुस्तकं लवकरच हद्दपार होतील, सगळं सिनेमाने शिकवता येईल. नंतर तेच रेडिओबद्दल म्हटलं गेलं, मग टीव्हीबद्दल. पण रेडिओच्या बाबतीत आपल्या महाराष्ट्रात एक प्रयोग झाला, जो आजही जगभरच्या अभ्यासक्रमांत शिकवला जातो. माझ्या एमएच्या वाचनात तो आला तेव्हा मी खुर्चीत सरळ झाले!

१९५६ सालची गोष्ट. आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्रावरून 'रेडिओ फार्म फोरम' चालवला. पाच मराठी जिल्हे, सुमारे दीडशे गावं. आठवड्याला दोन असे दहा आठवडे, एकूण वीस कार्यक्रम. विषय शेतीचे आणि गावच्या प्रश्नांचे. प्रत्येक गावात पंधरा-वीस जणांचा गट संध्याकाळी रेडिओभोवती बसायचा. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि आपसांत बोलायचं. हे आपल्या गावात जमेल का? खर्च किती? गटाचा संयोजक त्यातले प्रश्न लिहून केंद्राकडे पाठवायचा आणि पुढच्या कार्यक्रमांत त्यांना उत्तरं मिळायची.

या प्रयोगाची तपासणी समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांनी केली. पद्धत साधी होती. फोरमची गावं एकीकडे, रेडिओ आहे पण फोरम नाही अशी गावं दुसरीकडे, आणि रेडिओच नाही अशी गावं तिसरीकडे. आधी आणि नंतर लोकांना काय माहीत आहे ते विचारलं. फोरमच्या गावांत ज्ञान लक्षणीय वाढलं होतं. नुसता रेडिओ असलेल्या गावांत वाढ त्या मानाने किरकोळ होती. म्हणजे आवाज दोन्हीकडे तोच होता, कार्यक्रमही तोच. फरक पडला तो ऐकून झाल्यावर बोलायला माणसं असण्याने, आणि आपल्या प्रश्नाला उत्तर येतं हे ठाऊक असण्याने.

पुढे १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असं वर्षभर, अमेरिकेच्या नासाकडून उसना घेतलेला उपग्रह वापरून इस्रोने सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत टीव्ही पोचवला. तो 'साइट' प्रयोग तंत्रज्ञान म्हणून अफाटच. पण वर्ष संपलं, उपग्रह परत गेला. पुण्याच्या रेडिओला मात्र उपग्रह लागला नव्हता. त्याला सतरंजी आणि संयोजक लागला होता.

उत्तर देणारं यंत्र

मग एका माणसाने विचार केला की उत्तरच यंत्राने दिलं तर? १९५३ साली मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर आपल्या मुलीच्या गणिताच्या तासाला जाऊन बसला. त्याला दोन गोष्टी खटकल्या. सगळी मुलं एकाच वेगाने चालवली जातायत, आणि आपलं उत्तर बरोबर आलं का हे कुणालाच लगेच कळत नाहीये. वह्या उद्या तपासून मिळणार. त्याने शिकवणारी पेटी बनवली. एक छोटा प्रश्न, उत्तर भरा, लगेच बरोबर की चूक ते कळणार, मग पुढचा प्रश्न. आज भाषा शिकवणारी जी ॲप्स तुम्ही बसमध्ये उघडता, ती या पेटीची नातवंडं आहेत.

१९६० पासून इलिनॉय विद्यापीठात हेच काम कॉम्प्युटरवर सुरू झालं. डोनाल्ड बिट्झर यांच्या या यंत्रणेचं नाव प्लेटो. हेतू असा की विद्यार्थी आणि मशीन समोरासमोर, मध्ये कुणी नको. पण १९७३ मध्ये त्यावर निरोप लिहायची आणि गप्पा मारायची सोय झाली आणि लोकांनी प्लेटो डोक्यावर घेतलं! धड्यांसाठी उभारलेल्या यंत्रणेवर माणसं एकमेकांना प्रश्न विचारत बसली. आजचे ऑनलाइन फोरम, चॅट, यांची मुळं तिथे सापडतात. चूक की बरोबर हे यंत्र सांगायचंच. पण "मला हे का जमत नाहीये?" हे विचारायला लोक माणसाकडेच वळले.

मुक्त विद्यापीठं

या सगळ्या धाग्यांची वीण नीट बसली ती ब्रिटनमध्ये. १९६३ मध्ये हॅरॉल्ड विल्सन यांनी ग्लासगोतल्या भाषणात 'हवेतल्या विद्यापीठा'ची कल्पना मांडली, म्हणजे रेडिओ-टीव्हीवरून चालणाऱ्या विद्यापीठाची. ती प्रत्यक्षात आणायचं काम आलं जेनी ली यांच्याकडे. स्कॉटलंडमधल्या खाणकामगाराची मुलगी, वयाच्या चोविसाव्या वर्षी खासदार झालेली. तिचा आग्रह एकच होता, गरिबांसाठी म्हणून दुय्यम दर्जाचं काही चालणार नाही. १९६९ मध्ये ओपन युनिव्हर्सिटीला सनद मिळाली आणि जानेवारी १९७१ मध्ये सुमारे २४,००० विद्यार्थ्यांनी अभ्यास सुरू केला. आधीच्या शिक्षणाची अट नाही.

लोकांच्या लक्षात राहिले ते बीबीसीवरचे भल्या सकाळी आणि रात्री उशिरा लागणारे कार्यक्रम. पण विद्यापीठाचा कणा दुसराच होता. प्रत्येक विद्यार्थ्याला एक ट्यूटर. विद्यार्थी असाइनमेंट पोस्टाने पाठवणार, ट्यूटर त्यावर गुण देणार आणि शेरे लिहून परत पाठवणार. नुसते गुण नाही हं, शेरे. कुठे चुकलं, का चुकलं, पुढच्या वेळी काय करायचं. पिटमनची कार्डं आणि टिकनॉरची पत्रं इथे देशव्यापी यंत्रणा झाली.

आपल्याकडे दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले होते. १९८५ मध्ये इग्नू स्थापन झालं. १९८७ मध्ये इग्नूने पहिले दोन अभ्यासक्रम काढले, एकूण विद्यार्थी ४,५२८. एक डिप्लोमा होता मॅनेजमेंटचा. आणि दुसरा? दूरशिक्षणाचा! म्हणजे लांबून कसं शिकवायचं हेच लांबून शिकवणारा. माझ्या ऑनलाइन एमएची ही थेट आजी म्हणायची. देश चालवायचं ठरवलेल्या विद्यापीठाला आधी उत्तर देणारी माणसं तयार करावी लागणार होती, हे तेव्हा कुणाच्या तरी नीट लक्षात आलं होतं.

आणि १९८९ मध्ये नाशिकला आपलं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले, जे आधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि पुढे इग्नूचेही झाले. ब्रीदवाक्य 'ज्ञानगंगा घरोघरी'. 'मुक्तमधून बीए केलं' हे वाक्य महाराष्ट्रात ऐकलं नाही असा माणूस विरळा. पण त्या विद्यापीठाने वापरलेला एक शब्द मला फार आवडतो, 'समंत्रक'. अभ्यासकेंद्रावर रविवारी भेटणारा हा माणूस व्याख्यान द्यायला नसतो, सल्लामसलत करायला असतो. कागदावर तरी कल्पना तीच. प्रत्यक्षात काही केंद्रांवर समंत्रक जीव ओततात आणि काही केंद्रांवर फक्त कुलूप भेटतं, हे तुमच्यातल्या अनेकांनी मला कळवलंय.

ऑनलाइन

आता इंटरनेटकडे येऊ. १९८० च्या दशकाच्या मध्यात टोरोंटोच्या शिक्षणशास्त्र संस्थेत लिंडा हॅरासिम यांनी पूर्णपणे कॉम्प्युटरवरून चालणारे वर्ग घेतले. तेव्हा आजचं वेबही नव्हतं. व्हिडिओ नाही, चित्र नाही, नुसता मजकूर. विद्यार्थी लिहायचे आणि एकमेकांना उत्तर द्यायचे. म्हणजे वर्ग हाच एक लांबलचक लेखी संवाद. ऑनलाइन पदव्युत्तर शिक्षणाची सुरुवात अशी शिक्षणाच्याच विद्यार्थ्यांपासून झाली.

मग २०११ आलं. स्टॅनफर्डच्या सेबॅस्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा कोर्स सगळ्यांना फुकट खुला केला. १,६०,००० लोकांनी नावं नोंदवली. वर्तमानपत्रांनी विद्यापीठांचे मृत्युलेख लिहायला घेतले. पूर्ण किती जणांनी केला? वीस हजारांच्या थोडं वर. पुढे एमआयटी आणि हार्वर्डच्या अशा खुल्या कोर्सेसचा अभ्यास झाला, तो २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवलेल्यांपैकी कोर्स पूर्ण करणारे ३.१३ टक्के. आता न्यायाने बोलायचं तर यातले बरेच जण फक्त डोकावायला आले होते. ज्यांनी सर्टिफिकेटसाठी पैसे भरले होते त्यांच्यात हे प्रमाण ४६ टक्के होतं. तरी अर्ध्यापेक्षा कमीच.

जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकने कॉम्प्युटर सायन्सची पूर्ण मास्टर्स डिग्री ऑनलाइन काढली, फी कॅम्पसच्या मानाने खूपच कमी. इथे प्राध्यापक अशोक गोयल यांच्या कोर्समध्ये एका सत्राला साधारण तीनशे विद्यार्थी फोरमवर दहा हजार निरोप लिहायचे. इतक्यांना उत्तर देणार कोण? २०१६ मध्ये गोयल यांनी सहायकांच्या यादीत 'जिल वॉटसन' हे नाव टाकलं. ती सबमिशनची तारीख, फाइलचा प्रकार अशा प्रश्नांना झटपट उत्तरं द्यायची. सत्र संपताना विद्यार्थ्यांना कळलं, की जिल हे सॉफ्टवेअर आहे! बातमी जगभर गाजली. पण त्यातला एक तपशील मला जास्त महत्त्वाचा वाटतो. उत्तराबद्दल ९७ टक्के खात्री असेल तरच जिल बोलायची. बाकीचं माणसांकडे. यंत्राने नेहमीचे प्रश्न उचलले ते माणसांना अवघड प्रश्नांसाठी वेळ मिळावा म्हणून.

हे नीट लक्षात ठेवा. आज एआय चॅटबॉट दाखवून कोर्स विकणाऱ्यांना विचारायला हवं, की चॅटबॉट आल्यामुळे तुमच्या शिक्षकांना विद्यार्थ्यांसाठी जास्त वेळ मिळाला, की तुमचे शिक्षकच कमी झाले?

माझ्या एमएचं काय?

आमच्या अभ्यासक्रमात मायकल मूर यांचा एक सिद्धांत आहे. दूरशिक्षणातलं 'दूर' म्हणजे किलोमीटर नव्हे. शिकणाऱ्यात आणि शिकवणाऱ्यात संवाद किती आणि अभ्यासक्रमाची रचना किती ताठर, यावर ते अंतर ठरतं. म्हणजे ऐंशी मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसलेली, वर्षभर कुणी नावही न विचारलेली मुलगी ही मास्तरांपासून पंधरा फुटांवर असून खूप दूर असू शकते. हे वाचलं तेव्हा मला माझा स्वतःचा आठवीचा वर्ग दिसला. त्या आठवड्यापासून मी दर शुक्रवारी दहा वह्या घरी आणते आणि प्रत्येकीत टिकमार्कऐवजी एक वाक्य लिहिते. साठ मुलांची पाळी सहा आठवड्यांत येते. पाळी आली की मुलं आधी ते पान उघडतात.

माझं स्वतःचं सांगायचं, तर पहिल्या सत्रात व्हिडिओ उत्तम होते, पोर्टल झकास होतं. असाइनमेंट अपलोड केल्या. महिन्याने परत आल्या त्या फक्त आकड्यासकट. २५ पैकी १८. का अठरा? सात कुठे गेले? उत्तर नाही. आमच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेव्हा जवळजवळ साठ जण होते. हळूहळू लोक गप्प झाले. त्यातल्या एक ताई नंदुरबारकडच्या आश्रमशाळेत शिकवतात, रेंज मिळावी म्हणून टेकाडावर जाऊन व्हिडिओ डाउनलोड करायच्या. त्यांनी लिहिलं, "मी लिहिते ते कुणी वाचतच नसेल तर मी कुणासाठी लिहू?" आणि दुसऱ्या सत्राची फी भरली नाही.

रेंजने त्यांना हरवलं नव्हतं, तिच्यावर त्यांनी मात केली होती. त्या गेल्या ते पलीकडे कुणी नाही असं वाटलं म्हणून.

दुसऱ्या सत्रात एक नव्या मॅडम आल्या. पहिल्याच असाइनमेंटवर त्यांनी समासात चार ओळी लिहिल्या. "तुम्ही प्रोजेक्टरबद्दल लिहिलंय, पण तुमच्या शाळेत वीज किती तास असते? ते धरून पुन्हा मांडा." मी रात्री दोनपर्यंत बसून ते पुन्हा लिहिलं. बॅचमधल्या सहा-सात जणांनीही तेच केलं. मग आम्ही दर रविवारी रात्री नऊला एक तासाचा कॉल सुरू केला, एकमेकांचं वाचायचं आणि प्रश्न विचारायचे. पुण्याच्या रेडिओ फोरमसारखंच, सतरंजी तेवढी नाही. नंदुरबारच्या ताईंनाही आम्ही त्या कॉलवर बोलावलं. त्या येतात, फी न भरता! पुढच्या जुलैत पुन्हा नाव घालायचं म्हणतायत. घालतील का, ते मला अजून सांगता येत नाही.

मग करायचं की नाही?

आधी व्यवहाराचं. यूजीसीच्या २०२० च्या नियमावलीनुसार, मान्यता असलेल्या विद्यापीठाची आणि मान्यता असलेल्या अभ्यासक्रमाची ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते. दोन्ही मान्यता हव्यात, आणि त्या तुमच्या प्रवेशाच्या वर्षासाठी हव्यात. यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या, म्हणजे डीईबीच्या, साइटवर यादी असते. एजंटचं ऐकू नका, यादी बघा. विद्यापीठाला आपले अभ्यासक्रम फ्रँचायझीने चालवायला परवानगी नाही, त्यामुळे नाक्यावरचं 'अधिकृत सेंटर' प्रवेश देतो म्हणालं की सावध व्हा. इंजिनिअरिंग, मेडिकल, लॉ यांच्या पदव्या अशा ऑनलाइन मिळत नाहीत. आणि शैक्षणिक तंत्रज्ञानातलं एमए म्हणजे बीएड नव्हे. शाळेत शिक्षक व्हायची पात्रता त्याने मिळत नाही. ते उपयोगी पडतं ते आधीच शिकवणाऱ्यांना, किंवा ज्यांना ई-कंटेंट, कोर्स डिझाइन, प्रशिक्षण अशा कामांत जायचंय त्यांना.

आता इतिहासाने शिकवलेलं. फी भरण्याआधी विद्यापीठाला फोन करा आणि तीन गोष्टी विचारा. माझी असाइनमेंट कोण तपासणार, किती दिवसांत, आणि त्यावर लेखी शेरे मिळणार का? एका शिक्षकामागे किती विद्यार्थी आहेत? मागच्या बॅचमध्ये किती आले होते आणि किती पास होऊन बाहेर पडले? व्हिडिओ किती तासांचे आहेत, ॲप कसं दिसतं, हे ते न विचारता सांगतील. या तीन प्रश्नांना सरळ उत्तर मिळालं तर बिनधास्त पुढे जा. टाळाटाळ झाली तर समजा की तिथे केलेब फिलिप्स बसलाय.

आणि आधीच अडकला असाल, पलीकडून फक्त आकडे येत असतील, तर चार जण शोधा आणि आठवड्याचा एक तास ठरवा. विकत मिळणाऱ्या तयार सोडवलेल्या असाइनमेंटवर पैसे घालवू नका. त्याने पलीकडे कुणी नाही आणि अलीकडेही कुणी नाही, अशी गत होते.

तुमच्यापैकी कुणी बहिःस्थ, पत्रद्वारा, 'मुक्त'मधून किंवा ऑनलाइन शिकलं असेल आणि तुमच्या लिखाणाला कुणी नीट उत्तर दिलं असेल, तर त्या माणसाबद्दल मला व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात आपण त्याच ऐकणार आहोत. तोवर भेटू, शिकत राहू. नमस्कार!